ज्योतीचं संगीत ऐकायला बसलेले

लूमखाली तंतू साचतात तसे हे किस्से साचले. झाडायला कोणी नाही, म्हणून सांगतो.

मी चौथी शिकलेला. चाळीस वर्षं सुरतेत कापडाचे लूम चालवले, कोणापुढे मान खाली घातली नाही. आता तिथेच, डिंडोलीत घरी असतो. नात ज्योती कॉम्प्युटरवर संगीत करते. ना सूर, ना ताल. खरखर, शिट्ट्या, मध्येच पत्रा फाटल्यासारखं. गल्लीतून तक्रारी आल्या.

मी सांगितलं, "माझ्या कारखान्यातल्या एका जुन्या माणसाने जरी शेवटपर्यंत ऐकलं, तर ठेव. नाहीतर स्पीकर विकून टाक."

तीन वर्षं साड्यांना लेस लावून तिने ते स्पीकर घेतले होते. ती म्हणाली, "वीस मिनिटांचं आहे, आबा. शब्द द्या."

दिला.

*

पहिला रामदास फिटर. आवाजावरून लूमचा बिघाड सांगणारा. तीन मिनिटं ऐकलं, उठला, पाना काढला आणि आमची पाण्याची मोटर खोलली!

"रामदास, मोटर बंद आहे."

"म्हणूनच खोलतोय. चालू असती तर हात घातला असता का?"

बेअरिंग खरंच गेलेलं निघालं. मोटर सुधारली, ऐकणारा गेला.

*

मग नथ्थू. भजनात टाळ वाजवतो. टाळ घेऊनच आला. "हाई काय शे भो? थांब, ताल सापडतो."

दहाव्या मिनिटाला सापडला. बाराव्याला तो घाबरून पळाला. दोन दिवस बोटं थांबेनात. जेवताना ताटावर, झोपेत पलंगावर, तोच ताल.

त्याची बायको दारात आली. "भाऊ, नातीला म्हणावं, यांच्या हातातलं काढून घे!"

*

मंगलाआक्काला बोलावलं नव्हतं. समोर राहते. दारात येऊन उभी राहिली. "सतरा नंबर," म्हणाली.

तिचा नवरा सतरा नंबरवर होता. वारला त्याला खूप वर्षं झाली. तो लूम लंगडा चालायचा. तीन ठोके, चौथा उशिरा. ज्योतीच्या जन्माआधीच भंगारात गेला.

मी विचारलं, "हा आवाज कुठून आणलास?"

"कुठून नाही, आबा. सगळं इथेच बनवलंय."

आक्का शेवटापर्यंत थांबली नाही. घरी जाऊन डबा घेऊन आली. "सुट्टी झाली की यांना द्या."

डबा गरम होता!

*

राहिला भिका. लूमपायी ठार बहिरा. कारखान्यात काही ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही हाताच्या खुणांनी बोलायचो. त्याच्याशी अजून तसाच बोलतो.

"हा काय ऐकणार?" मी म्हणालो.

"जुना माणूस म्हणालात, आबा. कानांचं बोलला नाहीत."

भिकाने स्पीकरवर तळवा ठेवला. पाच मिनिटं. दहा. पंधरा. हलला नाही. ज्योतीची नजर घड्याळावर.

अठराव्या मिनिटाला त्याने दुसरा हात वर केला आणि मूठ दोनदा आवळली. ती खूण मी कारखान्यात एकदाच पाहिली होती, सतरा नंबरवर. मशीन थांबवा, माणूस अडकलाय.

मी झडप घालून प्लग काढला.

"आबा! दोनच मिनिटं राहिली होती!"

खोली शांत. भिकाने तळवा काढला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याने पुन्हा मूठ आवळली, माझ्याकडे बघून. पुन्हा. मी प्लग उचलून दाखवला. त्याने नाही म्हणून मान हलवली.

बरोबर विसाव्या मिनिटाला त्याने हात उचलला. ज्योतीच्या डोक्यावर ठेवला. मग मला खुणेने सांगितलं, "सुटला."