वाजलं की उठनारे माणिकभाऊ

माणिकभाऊले गावात काई लोक येडा म्हनतात. म्हनू द्या. पन माह्यासमोर कोनी म्हनलं तं मी त्याले खिचडीचा पळा दाखवतो. मी आशाबाई, शाळेत पोरायची खिचडी शिजवतो, अकरा वर्सं झाली. शाळा कोनची थे नाही सांगत, नाहीतं हेडसर माह्यावर उखडतीन. वडनेर भोलजीपासून उलीसं आत गाव हाय, येवढं पुरे.

माणिकराव म्हंजे आमच्या शाळेचे शिपाई. पुढच्या वर्सी रिटायर होतीन. तीस वर्सं या मानसानं एकच काम केलं, वाजलं की उठायचं. हेडसरच्या टेबलावरची घंटी टिंग झाली, उठले. तास संपाची येळ झाली, उठले. घरी कुकरची शिटी झाली तरी उभे राहत, असं त्याईची बायको हासून हासून सांगे. थे बिचारी वारली. एक पोरगी, महामाया. शाळेत पह्यली येनारी पोट्टी. दहावीचा निकाल लागला अन् त्याच मयन्यात स्थळ आलं. चांगलं स्थळ हाय, हातचं जाऊ नये, म्हून यानं लगन लावून देलं. सोळाची होती. नांदते आता सुखानं, तसं काई वाईट नाही. पन एका दिवाळीले आली तवा भांडे घासता घासता म्हने, "बाबा, दोन वर्सं थांबले असते तं मी नर्स झाली असती." बस, येवढंच म्हनली. तवापासून बारावीची पोट्टी पुस्तक घेऊन चालली दिसली, की माणिकभाऊ बोलता बोलता चूप होतात.

आता पेटीची गोठ सांगतो. जुलैमंधी बारावीच्या एका पोट्ट्यानं वर्गात घोरून राह्यलेल्या सरचा व्हिडिओ काढला. दुपारपर्यंत साऱ्या गावानं पाह्यला, अन् सांजच्याले सरच्या सासरवाडीनं. दुसऱ्याच दिवशी हेडसरनं फर्मान काढलं, प्रार्थनेच्या आधी सारे फोन जमा, सुटीच्या घंटीले वापस. परीक्षेचे पेपर ठेवाची पत्र्याची पेटी माणिकभाऊच्या स्टुलाखाली आली. हर फोनले चिकटपट्टी, पट्टीवर नाव अन् वर्ग. बंद करून द्या म्हनलं होतं, पन बंद कोन करते?

पह्यल्याच दिवशी अकराच्या सुमाराले पेटी वाजाले लागली. माणिकभाऊ उठले. बसले. परत उठले. मी तांदूळ निवडून राह्यली होती, मलेच राहवलं नाही. म्हनलं, "अवो उचला नं बाप्पा, नाहीतं बंद तरी करा, डोकं उठलं माहं!" त्याईनं उचलला. म्हंजे सुरुवात मीच करून देली, हे आधीच कबूल करतो.

शहरातल्या लोकायले वाटन, पोट्टायचे फोन म्हंजे दोस्तायचेच कॉल येत असतीन. कायचे! आमच्या इथी अर्ध्या घरात एकच फोन. थो पोट्टं शाळेत घेऊन येते, काऊन का बाकीच्यायले त्यातलं कळत नाही. तं पेटीत सारा गाव बोले. भेंडी तोडली का? गॅसची गाडी आली, टाकी घेऊन या. मामीचं ऑपरेशन चांगलं झालं. अन् आमच्याकडे फोनवर कोनी "कोन बोलून राह्यलं" असं इचारत नाही. तिकून हॅलो आयकू आलं की इकून सरळ गोठ चालू. माणिकभाऊनं "हो" म्हनलं की लोक समजत, घरचाच कोनी हाय. माणिकभाऊ सारे निरोप डोकशात ठेवत अन् खिचडीच्या सुटीत त्या त्या पोट्ट्याले गाठून सांगत.

हेडसरले कळलं. "माणिकराव, दुसऱ्याचा फोन उचलू नका. कायद्यात बसत नाही." बरं म्हनले. आठ दिवस मांड्या दाबून बसले. नवव्या दिवशी नववीच्या एका पोट्ट्याचा फोन चार खेपा वाजला, यानं उचलला नाही. पोट्ट्याची आजी गेली होती. पोट्टं मातीले पोचलंच नाही. बाप शाळेत येऊन वरडला, अन् हेडसर साऱ्यायसमोर म्हनले, "माणिकराव, चार चार खेपा वाजला तं उचलला काऊन नाही?"

माणिकभाऊ माह्याकडे आले. "आशाबाई, उचलू नका म्हनते. उचलला काऊन नाही म्हनते. आता मी करू तं काय करू?" मी म्हनलं, "मले काय इचारता, मी का हेडसर हाय?" त्या दिवसापासून त्याईचं असं झालं, फोन वाजला की हात पेटीत अन् नजर हेडसरच्या खोलीकडे.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली होती. शुक्रवार होता. मी पातेलं उचलून चालली होती अन् पेटी वाजली. माणिकभाऊनं फोन काढला, पट्टी वाचली. मयुरी, बारावी. ही अर्जुनरावची पोट्टी, घरात फोन हाच एक. हुशार. तिले नर्सिंगलेच जायचं होतं, साऱ्या शाळेले सांगून राह्यली होती. माणिकभाऊ फोन कानापासून वीतभर दूर धरतात, म्हून मले सारं आयकू आलं.

"जयभीम पाव्हनं! वामनराव बोलतो, जळगाव जामोदून. मंग रविवारी येतो आमी पोरीले पाहाले. पोरगं बी येऊन राह्यलं."

तिकून "हॅलो, हॅलो" चालू. माणिकभाऊनं पट्टी अजून एकडाव वाचली अन् म्हनलं, "पोरगी शिकून राह्यली."

"शिकून राह्यली? म्हंजे?"

"म्हंजे आमाले इतक्यात करायचं नाही. येऊ नोका."

"अहो, असं कसं? मेळाव्यात तं तुमीच म्हनले होते..."

"म्हनलं असन. आता नाही म्हनतो नं!" अन् कट केला.

अकरा वर्सात या मानसानं कोनाले आवाज चढवून बोललेलं मी आयकलं नव्हतं. फोन परत पेटीत ठेवला. माह्याकडे पाहून म्हने, "गलती केली का हो मी?" मी म्हनलं, "कायची गलती? वाघ हाय तुमी, वाघ! सतरा वर्साच्या पोरीले दाखवाले निघाले लेकाचे!" अन् खिचडी वाढली त्याईले, वरून तेलाची धार सोडून. मयुरीले काईच सांगायचं नाही, असं आमचं दोघायचं ठरलं. मले त्या दिवशी भल्ला आनंद झाला होता, खोटं कायले बोलू.

सोमवारी मयुरी आली तं डोळे सुजलेले. मी हातातलं काम टाकून गेली. "काय झालं वं बाई?"

"मावशी, ताईचं मोडलं."

ताई म्हंजे धम्मशीला. मयुरीची मोठी बहीन, सव्वीस वर्साची, बी.ए. झालेली, घरी शिलाई करते. रंग सावळा म्हून दोन स्थळं आधीच फिरले होते. या डावाले बौद्ध वधू-वर मेळाव्यात पोरानं सोता पसंत केली होती. धम्मशीलानंही पह्यल्यांदाच कोनाले हो म्हनलं होतं. येनं मेळाव्यातच ठरलं होतं, म्हून रविवारी घर सारवलं, पोह्याची तयारी केली, तिनं सोताच्या हातानं शिवलेलं ब्लाऊज घातलं अन् दुपारचे तीन वाजेपर्यंत बसली. कोनी आलं नाही. अर्जुनराव म्हंजे आडमुठा मानूस. म्हने, "पोरीच्या बापानं फोन करून पाय धरायचे नसतात." अन् गावात झालं, पोरीतच काई असन.

मयुरी तिथूनच माणिकभाऊकडे गेली. फोन त्याईच्या समोर धरला. "मामा, शुक्रवारी बारा वाजून दहा मिनिटाले वामनकाकाचा फोन आला होता. इथी उचललेला दाखवते. तुमीच उचलला नं? काय म्हनले थे?"

माणिकभाऊनं त्या पोट्टीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. "आवाज नाही आला बेटा. कट झाला," म्हनले.

खोटं बोलले. अन् त्या दिवशी सुटीची घंटी वीस मिन्टं उशिरा वाजली. पोट्टे बाहेर येऊन वरडून राह्यले तरी मानूस स्टुलावर बसून पेटीकडे पाहत होता.

"पट्टीवर तिचंच नाव होतं हो आशाबाई," म्हने. "मयुरी, बारावी. मले काय मालूम घरात अजून एक पोरगी बसली हाय? मी एका पोरीले वाचवाले गेलो अन् दुसरीचं वाटोळं केलं. का पह्यलीले तरी वाचवलं? तिलेबी नाही वाचवलं, तिले तं कोनी पाहाले येतच नव्हतं. मंग मी केलं तं काय केलं?"

मले राग आला. त्याईचा नाही, माहाच. वाघ हाय म्हनाले मीच होती नं पुढं. म्हनलं, "रडत बसू नोका. उद्या रजा टाका. जाऊ जामोदले, सांगू सारं." घरी माहे धनी म्हने, तू कायले जातं? मी म्हनलं, "तेलाची धार मी सोडली होती, म्हून जातो."

मंगळवारी आमी नांदुऱ्याले येऊन जळगाव जामोदची बस धरली. रस्ताभर माणिकभाऊ बोलनं पाठ करत होते. तिथी पोचल्यावर सारं इसरले. वामनरावनं खुर्ची देली, हे बसेच ना. हात जोडून उभे. "शुक्रवारी फोनवर नाही मीच म्हनलं होतं," येवढंच बोलले.

"तुमी पोरीचे कोन?" वामनरावनं इचारलं.

"कोनी नाही. शाळेचा शिपाई."

"मंग शिपायानं नाही काऊन म्हनलं?"

"फोन पेटीत होता."

"कोनच्या पेटीत?"

"पेपराच्या."

वामनरावनं माह्याकडे पाह्यलं. हा मानूस बरा हाय नं, असंच त्याईच्या डोळ्यात होतं. मंग मीच पुढं झाली अन् घोरनाऱ्या सरपासून तं शुक्रवारच्या फोनपर्यंत सारं सांगतलं. महामायेचंबी सांगतलं. माणिकभाऊ खाली मुंडी घालून होते.

"मी तवाच म्हनलं," वामनराव म्हने, "सव्वीस वर्साची पोरगी अजून काय शिकून राह्यली बाप्पा? पन आता काय उपेग? दुसरी पोरगी पाहाले आमी उद्या खामगावले चाललो. शब्द देला."

"बाबा, तुमी जा. मी नाही येत." हा पोरगा बोलला, प्रेमानंद. दारात उभा राहून सारं आयकत होता. "मले थेच पसंत होती. नाही म्हनले म्हून चूप बसलो." अन् खिशातून फोन काढून त्यानं तिथंच नंबर लावला. आवाज मोठा केला.

घंटी जाऊन राह्यली. एक. दोन. तीन. कोनी उचलेना.

"पाह्य," वामनराव म्हनले, "त्याईच्याच मनात नाही."

"नाही हो नाही!" माणिकभाऊ येवढ्या जोरात वरडले की आतून बाई बाहेर आली. "शाळा चालू हाय! फोन पेटीत हाय! अन् उचलनारा इथी उभा हाय!"

तसेच उभे होते, वाजनाऱ्या फोनकडे पाहत. घंटी बंद झाली. प्रेमानंदनं परत लावला. मी मनातल्या मनात म्हनलं, कोनीतरी उचला रे बाबा.

पाचव्या घंटीले उचलला. "कोन हाय?" हेडसर! "ही शाळेची येळ हाय, समजत नाही का? डोकं उठवलं सकाळपासून या पेटीनं!"

"सर, मी माणिकराव," भाऊ म्हनले. "बारावीच्या मयुरीले बोलवा."

"माणिकराव? तुमी रजेवर... अन् हा फोन कोनाचा..."

"सर, बोलवा नं! लवकर!" तीस वर्सात हेडसरले हुकूम सोडनारा हा पह्यलाच शिपाई असन. अन् हेडसरनं बोलावली, काय सांगू!

प्रेमानंद तिच्याशी बोलला. जे झालं थे सांगतलं, माणिकभाऊचं नाव घेऊन सांगतलं, लपवलं नाही. म्हनला, "ताईले सांगजो, आमी येतो रविवारी. गलती माहीबी हाय. एकडाव परत फोन लावाले पायजे होता मी."

मयुरी म्हनली, "मामा हायेत का तिथी?"

माणिकभाऊनं फोन घेतला, वीतभर दूर धरला.

"मामा, तुमी मले खोटं सांगतलं. मले राग हाय तुमचा," मयुरी म्हनली. "पन उद्या माह्यासाठी असा फोन आला, तं तुमीच उचलजा. अन् असंच सांगजा."

वापस येताना बसमंधी माणिकभाऊ माह्याकडे वळले. "आशाबाई, हेडसर म्हनते उचलू नोका. पोट्टी म्हनते उचला. अन् हेडसर सोताच उचलते. म्हंजे उचलू का नोको उचलू?"

"अवो माय वं!" मी म्हनलं. "आता मले जराक झोपू द्या!"

तेवढ्यात कंडक्टरनं दोरी ओढली. टिंग वाजलं अन् माणिकभाऊ उठून उभे. मी शर्टाले धरून खाली बसवलं, आपलं गाव अजून लय दूर होतं.

खाली बसले. खिडकीतून बाहेर पाहत म्हनले, "महामायेच्या वक्ताले स्थळाचा फोन मीच उचलला होता. मले कोनी जोर केला नव्हता, घाई नव्हती, काईच नव्हतं. मी लगेच हो म्हनलं."

मी डब्यातली भाकर काढून अर्धी त्याईच्या हातात ठेवली.