फुवांनी म्हातारं केलेलं फडताळ

नव्या वस्तूचा माझ्या फुवांइतका कट्टर वैरी अख्ख्या तापीकाठी सापडणार नाही, हे मी कुठल्याही सभेत ठणकावून सांगेन. फुवा म्हणजे आत्याचे यजमान, मुक्काम प्रकाशा. आम्ही तरुण मंडळी पत्रकं वाटत, ‘जुनं फेका’ म्हणून घसा कोरडा करत गावोगाव हिंडत होतो, आणि हे गृहस्थ नवी छत्री आणली की आधी ती उन्हात टाकून विटवत, नव्या धोतराला गोठ्याची हवा दाखवून आणत! मी खडसावलं, तर शांतपणे म्हणाले, “नवी चीज घरमा पाव्हणानागत बशी ऱ्हास, भाऊ. तिनासंगे बोलता येत नही.”

वर्षानुवर्षं आत्याचं दूध मांजरानं प्यायलं आणि गूळ मुंग्यांनी खाल्ला, तेव्हा कुठे तिच्या स्वयंपाकघरात सागवानी फडताळ आलं. दारं असलेलं, कडी असलेलं! फुवांनी दुसऱ्याच दिवशी ते अंगणात ओढलं. हिरवा रंग फासला, तो सुकतो न सुकतो तोच वाळूनं कडा घासल्या, बैलाच्या साखळीनं झोडपलं, जवसाच्या तेलात काजळी कालवून खाचांत भरली, वरून गोवऱ्यांचा धूर दिला. कोरं फडताळ तीन पिढ्यांचे संसार सोसल्यासारखं दिसायला लागलं.

“मन्हा जलममा एक नवी चीज उनी, तीबी तुम्हीन म्हातारी करी टाकी!” आत्या कडाडली, आणि तिनं फुवांशी बोलणंच टाकलं. मी तिच्या बाजूनं जोरदार भाषण केलं. फुवा मात्र जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत होते, “मन्हा आजाना येळनं शे हाई!”

तेवढ्यात होळी आली. अंगणात वाळत ठेवलेलं ते फडताळ लाकडं गोळा करणाऱ्या टोळीनं मोडकं समजून उचललं आणि थेट होळीवर चढवलं. होळीवर चढलेलं लाकूड आमच्याकडे परत मागत नाहीत. ती पेटायच्या आत आम्ही धावत चौकात गेलो. टोळीचा म्होरक्या हसून फुवांना म्हणाला, “नाना, आजाना येळनं शे ना? मंग पुण्यबी आजालेच लागी!”

आत्या पदराचं टोक चावत उभी होती. फुवांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कनवटीची सुरी काढली आणि लाकडांवर चढून आपल्याच हातानं दाराचा रंग खरवडला. आतून पिवळाधमक साग निघाला.

“खोटं बोलनू मी! नवं शे, नवं! हाई तिनं शे!” फुवांनी आत्याकडे बोट दाखवलं.

चौक खदखदून हसला. “उतारा रे,” म्होरक्या ओरडला, “बाईना नवा संसार कोन जाळस?” माझा जीव भांड्यात पडला. आत्याचाही पडला असावा, कारण ती फुवांना घरापर्यंत शिव्या घालत आली. म्हणजे बोलणं सुरू झालं होतं!

खरवडलेल्या जागेला तिनं फुवांना पुन्हा हात लावू दिला नाही. बऱ्याच वर्षांनी परवा गेलो तर चुलीच्या धुरानं ती जागा अशी काही मुरली होती की शोधावी लागली. फुवा त्या जागेवरून बोट फिरवत होते.

“हाई आपोआपच व्हस रे, भाऊ,” ते म्हणाले. “मी उगाच घाई करी ऱ्हायंतू.”

बोट दारावर होतं, पण नजर चुलीपुढे वाकलेल्या आत्याच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांवर होती.