कॉम्प्युटरात लिहिलेलं ‘नाही’

आळेफाट्याच्या दवाखान्यात गाठ दाखवायला गेले, तेव्हा एका मुलीनं कॉम्प्युटरवर माझी माहिती भरून घेतली. वय, मुलं, पाळी. मग विचारलं, “घरात कुणाला छातीचा कॅन्सर व्हता का?” आणि लगेच हसून म्हणाली, “तुमी लोणीच्या ना? तुमची पोरगी आमच्या भावकीत येनारे म्हनं.”

मी म्हणाले, “कुणालाच नाय.”

माझी आई आणि मावशी, दोघीही त्याच दुखण्यानं गेल्या होत्या. आमची मेंढरं कधीच गेली, आता आम्ही कांदा लावतो. पण सोयरीक जुळवताना अजूनही मुलीच्या आजोळचं दुखणं विचारतात, मेंढी घेताना तिच्या आईची चौकशी करतात तसं. सुपारी फुटायला पंधरा दिवस राहिले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावून मी घरी आले.

सुपारी फुटली. लग्नाची तारीख धरली. गाठ कॅन्सरची निघाली, आळेफाट्याच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. आणि माझं ते ‘नाही’ माझ्याआधी पुण्याला जाऊन डॉक्टरांच्या कॉम्प्युटरात बसलं.

माझ्याबरोबर लेक आली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमच्या सगळ्या नोंदी बघूनच ठरवलंय. घराण्यात कुणाला नाही, तेव्हा फक्त गाठ काढू, छाती ठेवू. जीनची तपासणी लागणार नाही.”

मला माझाच लई राग आला. हा उपचार भलत्याच बाईसाठी होता, जिची आई म्हातारी होऊन गेली. खरं सांगितलं तर ते आळेफाट्याच्या त्या मुलीलाही कळून लग्न मोडणार, गप्प राहिले तर मी चुकीच्या उपचाराला सामोरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी माझ्यापुरतं गप्प राहायचं जवळजवळ ठरवलंच होतं. तरी विचारलं, “ती तपासनी कशाची असती?”

“आईकडून लेकीकडे हा दोष येतो का, त्याची.”

लेक माझ्या पिशवीतले रिपोर्ट नीट लावत होती. मी तिच्याकडं बघितलं. मी म्हणाले, “माझ्या आईला व्हता. मावशीलाबी.”

“आजी काविळीनं गेली ना?” लेकीनं विचारलं. मीच तिला तसं सांगत आले होते.

डॉक्टरांनी जुनी नोंद बदलली. मग माझ्याकडं न बघता त्यांनी लेकीला विचारलं, “तुझं वय काय?”