जिभेखालची गोळी

इंदापूरला डाळिंबाच्या ज्या शेडमध्ये मी हिशेब लिहिते, तिथं एक पोरगा माल निवडतो. सकाळी आल्यावर बराच वेळ तोंडच उघडत नाही. कुणी "तंबाखू भरली का रं?" म्हटलं, की नुसता हात हलवतो. उन्हाळ्यातही बाह्या मनगटापर्यंत. "नशा करत असेल तर सांग, काढून टाकतो," मालकांनी मला बजावलं होतं.

एकदा मी विचारलंच. तोंडातलं विरघळेपर्यंत तो थांबला.

"ताई, हेरॉईन सोडतोय. नुसतं सोडलं तवा हाडं मोडल्यागत दुखायची, उलट्या व्हायच्या. परत सुई टोचाय लागलो. आता डॉक्टरांची गोळी जिभंखाली धरतो, त्यानं तरास व्हत नाय, तलफ येत नाय. मालकास्नी सांगू नगा."

मी गोळीचं पाकीट मागितलं, नाव फोनवर तपासलं. व्यसन सोडवायचीच गोळी होती.

मालकांना मी काही बोलले नाही. पर्स मात्र तो जवळ आला की अजूनही मांडीवर घेते.