दीड वीत उंचीचे आसन

जिने आयुष्यभर फळ्यावर रासायनिक समीकरणांपलीकडे फारसे काही लिहिले नाही, तिने साठी ओलांडल्यावर स्वतःची हकीकत लिहायला बसावे, यात थोडा आगाऊपणा आहे. त्याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागते. हकीकतही काही मोठी नाही, एका बसायच्या आसनाची आहे. पण ते आसन मी केले आणि ते चांगले झाले, हे एकदा कुठेतरी लिहून ठेवावे असे वाटते. तोंडाने सांगायला गेले की मला संकोच होतो आणि वाक्य अर्धेच राहते.

नांदुऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर सोनाळ्याला थोरल्या बहिणीकडे राहायला आले. तिला मी अक्का म्हणते. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि कित्येक वर्षे ते अक्काच करीत आली होती. तिचा आवाज मोठा नाही, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. कठीण शब्द आला की ती क्षणभर थांबते, मागे बसलेल्यांना तो मनात उच्चारू देते आणि मग पुढे जाते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. मी वर्गात तीस वर्षे शिकवूनही मला तसे थांबता आले नाही.

मग तिचे गुडघे गेले. मांडी घालून बसणे संपले. विहारात मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्यांवर गुडघेदुखीची मंडळी बसतात. अक्का तिथे जाऊन बसू लागली आणि ग्रंथ दुसऱ्या कोणाच्या हाती गेला. खुर्ची पुढे घेऊन वाच, असे सगळ्यांनी सांगितले. तिने ऐकले नाही.

“मूर्तीपुढं खुर्ची टाकून बसू काय मी? सारे खाली आन् मी वर?”

“मंग खाली पाय पसरून बस,” मी म्हणाले.

“पाय मूर्तीकडं करू? शिकलेली हायेस ना वं तू?”

त्या वर्षी पावसाळा अर्धा झाला तेव्हा तिने विहारात जाणेच सोडले. संध्याकाळी ओसरीवर बसून ती वंदनेचा आवाज ऐकत राही आणि वाचणारी बाई अडखळली की तिचे ओठ हलत. ते मला पाहवेना. जमिनीपेक्षा उंच पण खुर्चीपेक्षा बरेच खाली, पाय न पसरता टेकवता येतील आणि उठताना हाताने जोर देता येईल, असे आसन हवे, एवढे माझ्या ध्यानात आले. तसे बाजारात मिळाले नाही.

सामान मात्र दारात होते. आमच्याकडे संत्र्याच्या बागांत आणि कपाशीत ठिबकच्या काळ्या नळ्या असतात. त्या जुन्या झाल्या की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, त्यांची भेंडोळी पडतात आणि एखाद्या दिवशी कोणी काडी लावते. तो धूर गावात येतो, कपड्यांना वास धरतो. तुषार सिंचनाचे तडकलेले पाईपही असेच पडून असतात. या नळ्या आणि ते पाईप, दोन्ही एकाच जातीच्या प्लास्टिकचे असतात. पॉलिथिनचे सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, पण त्याचा उपयोग इतक्या जवळ असेल असे कधी वाटले नव्हते. आसन सगळे एकाच प्लास्टिकचे केले, त्यात खिळा, डिंक, लाकूड काही घातले नाही, तर ते मोडल्यावर सोडवत बसावे लागणार नाही. आहे तसे भंगारात जाऊन पुन्हा वितळेल. वस्तू करतानाच तिच्या शेवटाची सोय करून ठेवायची, हा विचार मी कुठेतरी वाचला होता. तो मला फार सभ्य वाटला होता.

सांगाडा पाईपांचा केला. जाड पाईपाला भोके पाडून त्यांत बारीक पाईप घट्ट बसवले. उंची दीड वीत. दोन्ही बाजूंना हात टेकायला खुंट ठेवले. वर नळ्या बाजेसारख्या विणल्या. बाज विणणे आम्हा दोघींना लहानपणापासून येते. अक्का पलीकडून ताणून धरायची आणि मी ओवायची. साबणाने धुऊन, वाळवून आम्ही आठवडाभर त्यावर आळीपाळीने बसलो. आसन करकरलेसुद्धा नाही. पौर्णिमेला अक्काने ते उचलून विहारात न्यायला लावले आणि ती मूर्तीसमोर, पुढच्या रांगेत बसली. कोणाला खटकले नाही. तिने ग्रंथ उघडला. वीज गेली होती, पंखे बंद होते, घामाच्या धारा लागल्या होत्या. तिने पूर्ण प्रकरण वाचले.

मग ती खुंटांवर हात टेकून उठली, आणि मागे बसलेल्या बायकांत खसखस पिकली.

पौर्णिमेला आम्ही सगळ्या पांढऱ्या साड्या नेसतो. अक्काच्या पांढऱ्या लुगड्यावर मागे काळ्या चौकटी उमटल्या होत्या, विणीची हुबेहूब नक्षी.

शेजारच्या घरची बाई, जिची जीभ साऱ्या आळीला ठाऊक आहे, मोठ्याने म्हणाली, “काय वं अक्का, मास्तरीनबाईनं तुह्या लुगड्यावर बुद्धिबळाचा पट काढला काय?”

अक्काही हसली. पण घरी आल्याबरोबर तिने साडी बदलली. लुगडे बादलीत टाकून म्हणाली, “तू पोरीयले शिकोत होती ना, प्लास्टिक शेकडो वर्षं टिकते म्हून? मंग हे काऊन झडून राह्यलं?”

उत्तर मला येत होते, फक्त ते वेळेवर आठवले नव्हते. वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या नळीचा वरचा थर मरतो आणि त्याची भुकटी होते. कोरड्या हाताला ती कळत नाही, घामाला कळते. शिवाय आम्ही आठवडाभर बसलो होतो ते रोजच्या गडद साड्या नेसून. पांढऱ्या साडीची चाचणी घ्यावी, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आले नाही.

“आता मी काई तिथं बसत नाई,” अक्का म्हणाली. “एक डाव हसले, बस झालं.”

दुसऱ्या दिवशी मी वीण सोडून टाकली. एक नळी हट्टाने कात्रीने उभी चिरली, आणि थांबले. आतली बाजू काळीच, पण तुकतुकीत होती. तिने ऊन कधी पाहिलेच नव्हते. फक्त खताच्या पाण्याची पांढरी पुटे जागोजाग धरली होती. ती आम्लाने सुटणार हे मला माहीत होते आणि घरात चिंच होती. ओली पांढरी चिंधी मी आतून घासून पाहिली. चिंधी पांढरीच राहिली.

मग जुनी वीण आणि पहिला सांगाडा, ज्याचे एक भोक वीण सोडताना फाकले होते, घेऊन मी बसने नांदुऱ्याला गेले. असे आसन न सोडवता आहे तसे भंगारात चालते ही माझी कल्पना खरी आहे का, ते मला पाहायचे होते. भंगारवाल्याने दोरीला बांधलेले लोहचुंबक सांगाड्यावरून फिरवले. ते कुठेच चिकटले नाही.

“याच्यात खिळा नाई काय, मॅडम?”

“नाही.”

“लाकूड? तार?”

“काहीच नाही.”

“मंग काई सोडाचं काम नाई,” म्हणून त्याने ते सगळे एकाच ढिगावर भिरकावले. माझी पहिली निर्मिती कचऱ्यात जाऊन पडली आणि मी तिथे उभी राहून खुळ्यासारखी हसत होते. परीक्षेत इतके स्वच्छ गुण मला कधी मिळाले नव्हते.

दुसरे आसन, नव्या सांगाड्यासकट, करायला महिना लागला. नळ्या उभ्या चिरल्या, चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, घासल्या, गरम पाण्यातून काढून पाट्याखाली दाबल्या. त्यांच्या सपाट पट्ट्या झाल्या, पलंगाच्या नवारीसारख्या. झडलेली बाजू जमिनीकडे आणि तुकतुकीत बाजू वर ठेवून विणले. पट्ट्यांवर पूर्वी तोट्या बसवलेल्या जागी बारीक छिद्रे होती. ती ओळीत आली आणि त्यांतून वारा खेळू लागला. ही शोभा मी योजली नव्हती.

अक्काने ते बराच वेळ निरखले. मग म्हणाली, “पह्यले घरी बसून पाहीन. पांढरं लुगडं नेसून, पंखा बंद करून.”

भर दुपारी ती तशी बसली. मला समोरून हलू दिले नाही. उठली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “सांग.”

“काही नाही.”

“खरं सांग.”

“पांढरंफेक आहे, अक्का.”

वर्षावासाच्या शेवटच्या पौर्णिमेला ती पुन्हा पुढच्या रांगेत बसली. वाचताना एका कठीण शब्दाशी ती थांबली, आणि अख्खा विहार तिच्याबरोबर थांबला. मी मागे खांबाशी होते. वाचन संपले तेव्हा कोणीही आपल्या जागेवरून हलले नाही. अक्का उठेपर्यंत सगळ्या बायका नुसत्या टक लावून बसल्या होत्या.

ती खुंटांवर हात टेकून, कोणाचा आधार न घेता उठली. मुद्दाम सावकाश वळली. लुगड्यावर एक डाग नव्हता.

“मले बी एक पाह्यजे,” शेजारीण सर्वांदेखत म्हणाली. “पन माह्यं वजन पाहून बनवजा, मास्तरीनबाई.”

आता मागच्या भिंतीशी असलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या असतात. त्यांवर बसणाऱ्या बायका पुढे सरकल्या आहेत. आसने आम्ही दोघी ओसरीवर विणतो. धुऱ्यावरची भेंडोळी लोक आता काडी न लावता आमच्या अंगणात आणून टाकतात, आणि अक्का प्रत्येक नळी आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहते. मला याचा अभिमान वाटतो. हा शब्द स्वतःसाठी मी पहिल्यांदाच वापरते आहे.

तुमच्या विहारात, देवळात किंवा सभागृहात गुडघे दुखणारी माणसे कुठे बसतात?