नान-खलियासाठी पाळलेलं पथ्य

दर महिन्याला वडील ब्लड प्रेशर दाखवायला निघाले की आमच्या घरात परीक्षेचं वातावरण असे. महिनाभर लोणचं, पापड, ठेचा यथेच्छ चाले. तपासणी चार दिवसांवर आली की आळणी वरण, सकाळचं फिरणं आणि आईशी गोड बोलणं सुरू होई. आईला सगळ्यात जास्त संशय यायचा तो गोड बोलण्याचा.

जोडीला त्यांचे शहागंजातले एक दोस्त. कापडाचं दुकान, हृदयात एक स्टेंट, आणि गोळ्या डॉक्टरांचं मन राखण्यासाठी घ्यायच्या असतात असं ठाम मत. दोघं एकाच दवाखान्यात एकाच दिवशी जात. बाहेर आल्यावर ज्याचा वरचा आकडा जास्त, त्यानं चहा पाजायचा. तोही दुप्पट साखरेचा.

अशात दोस्तांच्या नातीचं लग्न ठरलं. आमच्या गावात मुसलमानाघरचं लग्न म्हणजे देगेत, भल्यामोठ्या हंड्यात शिजलेला मटणाचा तांबूस खलिया आणि भट्टीतून निघालेले गरम नान. वडिलांचं निम्मं लक्ष आतापासूनच मांडवात होतं. आईनं बजावलं, "डॉक्टर व्हय म्हणले तरच खायचं. मागं तोंड वाकडं झालं व्हतं तुमचं, तवा माझा जीव कुठं व्हता ते मलाच ठावं."

झालं. जन्मात केलं नाही असं कडक पथ्य वडिलांनी तपासणीपर्यंत पाळलं. मिठाची बरणी समोर आली तरी मान फिरवायचे. मी मुद्दाम सोबत गेलो, निकाल ऐकायला.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग खूश होऊन म्हणाले, "वा! म्हणजे पथ्यानं उतरतं तुमचं! मी गोळी वाढवणार होतो. आता असंच राहू द्या, कायमचं."

"आन् लग्नात?"

"लग्नात तर मुळीच मोडायचं नाही."

पास होऊन इतका रडवेला झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोस्तांनीही गुपचूप तोच उद्योग केला होता, त्यांनाही तीच शिक्षा झाली. त्या दिवशी चहाचं नाव कुणी काढलं नाही.

लग्नात देगेचं झाकण उघडलं आणि सगळा मांडव तिकडे वळला. हे दोघं कोपऱ्यात दहीभात कालवत बसले होते. शेवटी वडिलांना राहवेना. मला म्हणाले, "एक वाटी आण. नुसता रस्सा चाखतो."

मी आणली. दोस्तांनी वाटीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"खा बे. मंग मी बी खातो. होऊ दे दोघांचं एकदमच."

वडिलांचा हात वाटीपाशी थांबला. थोड्या वेळानं त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"ने परत," ते म्हणाले. "हा मेला तर मी भांडू कुणाशी?"

मी वाटी उचलली आणि घाईनं पाठ फिरवली. मला रडू आलं होतं.