सुगंधाअक्कांची डावी बाजू

शिरपुरात आमच्या गल्लीत सुगंधाअक्कांचा राग सगळ्यांना ठाऊक. खापरावरची पुरणपोळी करावी तर त्यांनीच. हातावर पोळी खेळवत कोपरापर्यंत नेतील आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकतील. त्यांची सून ज्योत्स्ना डाव्या हाताला बसून पुरण भरलेले गोळे देणार. बारा वर्षांत ही जागा बदलली नाही.

माघात त्या दोघींचं वाजलं. ज्योत्स्नाने पुरण मिक्सरमध्ये वाटलं आणि अक्कांनी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. दुसऱ्या दिवशी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. धुळ्याच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून त्या काठी टेकत घरी आल्या. जीभ शाबूत, दरारा शाबूत. फक्त सुनेशी त्या बोलेनात.

नुसतं बोलेनात असं नाही. ज्योत्स्नाने नेहमीसारखं डाव्या हाताला उभं राहून "अक्का, चहा देऊ का?" म्हणावं आणि अक्कांनी उजवीकडे बसलेल्या नवऱ्याला, तोतारामनानांना, "हां, दे" म्हणावं. नाना गोंधळून चहा ठेवायला उठायचे. गल्लीने लगेच निकाल दिला: म्हातारी मिक्सर विसरलेली नाही. निकाल देणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू! शिक्षक असूनही मला अक्कल नव्हती.

ज्योत्स्ना मात्र आतून खचली. आपल्यामुळेच झटका आला, असं तिच्या मनाने घेतलं. "अक्कांना माझं तोंडही बघायचं नाही," ती माझ्या बायकोजवळ रडली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ माहेरी न्यायला येईल तेव्हा धरणगावला जायचं आणि परत यायचंच नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

आखाजीला दहा दिवस उरले असतील. मी वर्तमानपत्र द्यायला गेलो, तर अक्का जेवत होत्या. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून स्वच्छ, डावीकडचं भरीत तसंच. आणि अक्का ओरडत होत्या, "माले भरीत कसाले नही वाढं?"

हे रोजचंच होतं. त्या दिवशी ज्योत्स्नाचा संयम सुटला. तिने वाकून ताट गरकन फिरवलं.

अक्कांनी खाली पाहिलं. "आते वाढं का!" म्हणाल्या आणि भरीत खाऊ लागल्या.

ज्योत्स्ना ताटाकडे बघत राहिली. मग काय मनात आलं कोण जाणे, ती उठली, खाटेला वळसा घालून नानांच्या शेजारी, अक्कांच्या उजवीकडे जाऊन बसली. अक्कांचा घास हातातच राहिला.

"कोठे गयथी वं तू इतला दिन? धरणगावले? माले कोनी सांगं बी नही!"

नाना उठून बाहेरच गेले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही अक्कांना पुन्हा धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. बाराही आकडे त्यांनी उजवीकडे कोंबले आणि "झालं" म्हणून कागद परत दिला. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. मेंदूची उजवी बाजू दुखावली आहे, म्हणून डावीकडचं जग त्यांच्या ध्यानातच येत नाही. आणि काही राहून जातंय, हेही त्यांना कळत नाही. आता सगळ्यांनी डावीकडूनच बोला. त्यांना मान वळवायला लावा."

म्हणजे ज्योत्स्नाला पुन्हा न दिसणाऱ्या बाजूला जायचं होतं! ती गेली. रोज डावीकडून बांगड्या वाजवायची, अक्कांचा डावा हात हातात घ्यायची, हाका मारायची. कधी अक्का वळायच्या, बहुतेकदा नाही. भावाला तिने कळवून टाकलं, यंदा येऊ नकोस.

आखाजीला खापर चढलं. अक्का खुर्चीत. त्यांच्या डावीकडे चुलीपाशी ज्योत्स्ना, पहिल्यांदाच स्वतः पोळी टाकायला. तिने हाक मारली नाही. सगळं लक्ष पोळीत. पोळी हातावर पसरली, खापरावर पडली आणि कडेला फाटली.

अक्कांची मान हळूहळू डावीकडे वळली. पोळीवरून नजर सुनेच्या चेहऱ्यावर आली.

"फाटी गयी ना वं! दिखस नही का तुले?"

ज्योत्स्नाने उलथनं खाली टाकलं आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली, हसूही लागली.

"रडस कसाले वं?" करपू लागलेल्या पोळीकडे काठी दाखवत अक्का कडाडल्या. "पोयी जयी ऱ्हायनी!"